सात सिंहस्थांचं वय

माझ्या आजीची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. कागदोपत्री तिचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट तीच तारीख टाकत, म्हणून त्या पिढीतली असंख्य माणसं १ जूनला जन्मलेली दिसतात. आजी स्वतः वेगळंच सांगायची. "ज्या वर्षी गावात एकही लग्न निघालं नाही, त्या वर्षी मी झाले." सिंहस्थात, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना, लग्नं करत नाहीत, आणि आमचं गाव नाशिकच्या वाटेवरचं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती खूण लगेच पटायची. ती गेली तेव्हा तिचा सातवा सिंहस्थ चालू होता. वडिलांनी बोटांवर हिशेब केला : सात सिंहस्थ, मधल्या फेऱ्या सहा, बारा सक बहात्तर. तेराव्याच्या पत्रावर वय ७२ छापलं गेलं.

पुढे कॉलेजात गेल्यावर मला कळलं की गुरूची फेरी बारा वर्षांची नसते, ११.८६ वर्षांची असते. सहा फेऱ्यांची होतात ७१ वर्षं आणि दोन महिने. सिंहस्थ वर्षभर चालतो, तेव्हा हा आकडाही काही महिन्यांनी पुढेमागे सरकेल. पण त्या दिवशी माझ्या मनात जे लख्ख झालं ते आजीच्या वयाबद्दल नव्हतं. आजीने आपलं वय पृथ्वीच्या फेऱ्यांनी मोजलंच नव्हतं. तिने ते गुरूच्या फेऱ्यांनी मोजलं होतं, आणि गुरूच्या हिशेबात ती सहा वर्षांची होऊन गेली होती.

'दुसऱ्या ग्रहावर तुमचं वय किती?' हा प्रश्न हल्ली शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसतो. मुलं जन्मतारीख सांगतात, यंत्र आकडा दाखवतं, सगळे हसतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. मला त्या टेबलापाशी थांबायचं आहे, आणि तुम्हालाही थांबवायचं आहे. एवढ्या साध्या भागाकारातून ग्रहगणिताच्या अंगणात पाऊल पडतं, आणि ते अंगण मराठी माणसाला मुळीच परकं नाही. आपल्या घरांत आकाशातली घड्याळं पूर्वीपासून चालू आहेत. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे चंद्राच्या फेऱ्यांनी मोजलेलं वय. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस, अशा हजार पौर्णिमांचे सुमारे २९,५३१ दिवस, म्हणजे ८१ वर्षांना थोडे कमी. साठीशांत ही साठ संवत्सरांची मोजणी. ज्या संवत्सराचं नाव आपण गुढीपाडव्याला पंचांगात वाचतो, ते मुळात गुरूला एक रास ओलांडायला लागणाऱ्या सुमारे ३६१ दिवसांचं माप होतं. उत्तरेत ते अजून तसंच चालतं. आपल्याकडे आणि दक्षिणेत नावं तीच राहिली, पण ती सरळ वर्षाला जोडली गेली. गुरूच्या पाच फेऱ्यांना ५९.३ वर्षं लागतात आणि शनीच्या दोन फेऱ्यांना ५८.९. साठ हा आकडा आभाळातूनच खाली आला आहे, असं मला वाटतं. आणि साडेसाती? शनी बारा राशींतून जायला तीसेक वर्षं घेतो, एका राशीत अडीच, तीन राशींत साडेसात. शनीचा माणसाच्या नशिबाशी काही संबंध असल्याचं मी मानत नाही. पण त्या शब्दात शनीच्या वर्षाचा बरोबर चौथा हिस्सा दडलेला आहे, हे मान्य करायलाच हवं.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार पसरलेला आहे. मंगळावर राहायला गेलेला माणूस हळू म्हातारा होईल, असं मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही वाटतं. तसं होणार नाही. जगलेला काळ ही एक गोष्ट, आणि तो मोजायला घेतलेलं माप ही दुसरी. धान्य पायलीने मोजलं काय आणि शेराने मोजलं काय, कणगीतला दाणा तेवढाच राहतो. शरीर दिवसांचा, श्वासांचा हिशेब ठेवतं. कुठला ग्रह कुठे फिरतो आहे याचा त्याला पत्ता नसतो. मापं बदलली की बदलतो तो फक्त आकडा. असं असूनही तो आकडा शिकण्याजोगा आहे, कारण प्रत्येक मापामागे कुणीतरी ती फेरी मोजलेली आहे, आणि ती मोजणी सोपी नव्हती.

आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात यासाठी फार नेमका शब्द आहे : अहर्गण. ठरावीक आरंभापासून आजपर्यंत उलटलेल्या दिवसांची रास. महिने नाहीत, अधिक मास नाही, लीप वर्ष नाही, नुसते दिवस. अहर्गण हाती आला की कुठल्याही ग्रहाची जागा काढता येते. युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांनीही हीच वाट धरली. त्यांचा जूलियन दिनांक म्हणजे दुसऱ्या आरंभापासून मोजलेला अहर्गणच. १ जानेवारी २०००च्या दुपारी तो २४,५१,५४५ होता. तेव्हा ग्रहांवरचं वय काढायचं तर पहिली पायरी म्हणजे आपला स्वतःचा अहर्गण काढणं : जन्मल्यापासून किती दिवस झाले?

माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं, ८१ दिव्यांनी औक्षण झालं, तेव्हा मी हा हिशेब एका पाठकोऱ्या कागदावर मांडून तिला दिला होता. हजार पौर्णिमांचे २९,५३१ दिवस धरले. बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं, तेव्हा बुधावर ती ३३५ वर्षांची. शुक्राचं २२४.७ दिवसांचं, तिथे १३१. मंगळाचं ६८७ दिवसांचं. तिथला तिचा ४३वा वाढदिवस अवघ्या दहा दिवसांवर आलेला. गुरूवर सहा पूर्ण, सातवं सरत आलेलं. शनीवर पावणेतीन. युरेनसचं वर्ष ८४ वर्षांचं, म्हणजे तिथे ती अजून एक वर्षाचीही नव्हती, आणि नेपच्यूनवर तर सहाच महिन्यांची म्हणायची. आईने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "पण ही ८४ वर्षं कुणी बसून मोजली?" या विषयावर मी वाचलेल्या कितीतरी पुस्तकांपेक्षा तो प्रश्न नेमका होता. हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजलात तरी चालेल.

मोजायचं कसं ते मंगळावर पाहू. आपण स्वतः फिरत्या पृथ्वीवर आहोत, त्यामुळे मंगळाची फेरी सरळ दिसत नाही. दिसते ती त्याची प्रतियुती : सूर्य मावळतो तेव्हा मंगळ पूर्वेला उगवतो, रात्रभर लालभडक तळपतो. अशा दोन प्रतियुतींमध्ये सरासरी ७८० दिवस जातात. तेवढ्या काळात पृथ्वीच्या फेऱ्या होतात २.१३५. पृथ्वीने मंगळाला पुन्हा गाठलं याचा अर्थ तिने त्याच्याहून बरोबर एक फेरी जास्त मारली. म्हणजे मंगळाच्या झाल्या १.१३५. ७८०ला १.१३५ने भागा, ६८७ येतात. दुर्बीण नाही, यान नाही. गच्चीवरून केलेली निरीक्षणं, वही आणि एक भागाकार. मात्र एक अट आहे. दोन प्रतियुतींमधलं अंतर दर वेळी ७८० भरत नाही, कारण मंगळाची कक्षा लंबगोल आहे. डिसेंबर २०२२ची प्रतियुती आणि जानेवारी २०२५ची प्रतियुती यांच्यात ७७० दिवसांच्या आसपासच गेले. खरी सरासरी हवी तर अनेक प्रतियुतींच्या नोंदी लागतात. मंगळासाठी त्या एका आयुष्यात जमतात. शनीच्या मात्र तेवढ्या फेऱ्याच एका आयुष्यात होत नाहीत.

इथे आर्यभटाकडे वळायला हवं. इ.स. ४९९मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो आपलं वय सांगतो तेसुद्धा साठ-साठ वर्षांच्या आवर्तनांत : कलियुगाची साठ वर्षांची साठ आवर्तनं उलटली तेव्हा आपल्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती, असं. आणि तोच आपल्याला ग्रहांचे भगण देतो. भगण म्हणजे नक्षत्रचक्रातली एक पूर्ण फेरी. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात, म्हणजे त्याच्या हिशेबाने १,५७,७९,१७,५०० दिवसांत, मंगळाचे भगण २२,९६,८२४, गुरूचे ३,६४,२२४ आणि शनीचे १,४६,५६४. लाखांतले हे आकडे पाहून बिचकू नका. जुन्या काळी दशांश चिन्ह हाताशी नव्हतं, तेव्हा बारीक अपूर्णांक पूर्णांकात सांगायची ही मोठी सुरेख सोय होती. दिवसांना भगणांनी भागलं की मंगळाचं वर्ष निघतं ६८७.०० दिवसांचं, आजचा आकडा ६८६.९८. फरक अर्ध्या तासाचा. गुरूचं निघतं ४,३३२.२७ दिवसांचं, आजचं ४,३३२.५९. फरक आठ तासांहून कमी. शनीचं मात्र १०,७६६ दिवसांचं निघतं आणि आजचं आहे १०,७५९. म्हणजे जवळजवळ सात दिवसांचा फरक.

चूक शनीपाशीच सर्वांत मोठी का, यावर थोडा वेळ घालवावा अशी माझी विनंती आहे. शनी सावकाश चालतो. शंभर वर्षांच्या नोंदी असल्या तरी त्यात त्याच्या सुमारे ३.४ फेऱ्याच बसतात, मंगळाच्या मात्र त्रेपन्न. शिवाय गुरू आणि शनी एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांचा वेग शतकानुशतकं किंचित कमीजास्त होत राहतो. त्याचं कारण लाप्लासने उलगडलं ते १७८५मध्ये. तेव्हा आर्यभटाच्या त्या सात दिवसांना चूक म्हणताना माझी जीभ अडखळते. जे एका माणसाला आयुष्यभर जागून मोजता येत नाही, ते त्याने आधीच्या कुणाकुणाच्या नोंदींवरून मोजलं. त्या माणसांची नावंही आपल्याकडे उरलेली नाहीत.

या कामात आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे, आणि तो सांगताना मला आनंद होतो. भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६चा आणि 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला तेव्हाचं वय ३६, असं स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२०मध्ये 'ग्रहलाघव' रचला. कलियुगारंभापासूनचा अवाढव्य अहर्गण पंचांगकर्त्याला पेलवत नाही हे ओळखून त्यांनी ४,०१६ दिवसांचं, म्हणजे अकरा वर्षांचं चक्र धरलं आणि हिशेब हातात मावेल एवढा केला. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पंचांगं त्यावर निघाली. आणि या साऱ्या परंपरेचा साक्षेपी इतिहास शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६च्या ग्रंथात मराठीत लिहिला. ज्याला या विषयात पुढे जायचं आहे त्याने तो ग्रंथ वाचल्यावाचून राहू नये. तो अवघड आहे, पण वाचकाला कुठे फसवत नाही.

फेऱ्या किती दिवसांच्या हे आर्यभटाने सांगितलं. त्या तेवढ्याच का, याचा नियम केप्लरने १६१८च्या मे महिन्यात शोधला आणि पुढच्या वर्षी छापला. ग्रहाच्या वर्षाचा वर्ग त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या घनाएवढा. पृथ्वीचं अंतर एक धरलं तर शनीचं ९.५४, त्याचा घन ८६८, आणि त्याचं वर्गमूळ साडेएकोणतीस. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने जास्त कळते. नेपच्यूनची वाट पृथ्वीच्या तीसपट लांब आहे, पण तेवढ्याने त्याचं वर्ष तीस वर्षांचंच झालं असतं. तो चालतोही हळू : पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, नेपच्यून साडेपाचच्या आतबाहेर. वाट तीसपट, चाल साडेपाचपट मंद, म्हणून वर्ष १६५ वर्षांचं. सूर्याची ओढ लांबवर क्षीण होते, एवढ्याचमुळे.

वर्षाचं असं, तर दिवसाचं काय? इथे गणित सोपं राहत नाही, आणि मला ते प्रकरण फार प्रिय आहे. बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीचे १७६ दिवस जातात, आणि त्याचं वर्ष ८८ दिवसांचं. म्हणजे तिथल्या एका दिवसात दोन वाढदिवस. बुध स्वतःभोवती कसा फिरतो हे १९६५मध्ये आरेसिबोच्या रडारने कळलं. त्याआधी त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे असते असं समजलं जाई. शुक्र उलटा फिरतो आणि त्याचा दिवस ११७ दिवसांचा. गुरूचा दिवस दहा तासांचाही नाही. युरेनस आडवा पडून फिरतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं काळोख.

मंगळावर तर कालगणना प्रत्यक्ष वापरात आली आहे. शास्त्रज्ञ तिथलं पहिलं वर्ष ११ एप्रिल १९५५पासून धरतात. ३८वं वर्ष नोव्हेंबर २०२४मध्ये लागलं. तिथल्या दिवसाला सोल म्हणतात आणि तो २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. ऑपॉर्च्युनिटी ही बग्गी ९० सोल चालावी म्हणून पाठवली होती. जानेवारी २००४मध्ये उतरल्यापासून जून २०१८च्या धुळीच्या वादळात गप्प होईपर्यंत ती पाच हजारांहून जास्त सोल जागी राहिली. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ला कक्षेत शिरलं आणि २०२२मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. मंगळाच्या मापाने ते चार वर्षं जगलं.

खरोखरचं वय मात्र कुठेच बदलत नाही का? बदलतं, पण फार बारीक. वेगाने आणि गुरुत्वाने काळ स्वतःच मंद किंवा जलद होतो, हे आइनस्टाइनने दाखवलं. जीपीएसच्या उपग्रहांवरचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि ते दुरुस्त केलं नाही तर मोबाइलवरचा नकाशा दिवसभरातच किलोमीटरांनी चुकेल. अंतराळस्थानकात ३४० दिवस राहून आलेला स्कॉट केली आपल्या जुळ्या भावापेक्षा त्या मुक्कामात सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरकाने तरुण राहिला. मापाचा फरक आणि काळाचा फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुस्तकाचा शेवटचा भाग या दुसऱ्या फरकासाठी राखून ठेवला आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे परत. ८४ वर्षं कुणी बसून मोजली? युरेनस विल्यम हर्शेलला १३ मार्च १७८१ला दिसला. हर्शेल ऑगस्ट १८२२मध्ये गेला, तेव्हा तो ८३ वर्षं नऊ महिन्यांचा होता. त्याने शोधलेल्या ग्रहाच्या मापाने त्याचा पहिला वाढदिवस तीन महिन्यांवर होता. महर्षी धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले, त्यांना युरेनसचं सव्वा वर्ष मिळालं. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांना अवघी एकवीस वर्षं मिळाली. त्या आयुष्यात शनीची एक फेरीसुद्धा पुरी झाली नाही. नेपच्यूनचं एक वर्ष तर कुठल्याच माणसाला पाहता येणार नाही. नोंदलेलं सर्वांत दीर्घ मानवी आयुष्य १२२ वर्षांचं आहे. गॅलिलिओने डिसेंबर १६१२मध्ये नेपच्यून पाहिला आणि तारा म्हणून टिपला. तो ग्रह म्हणून ओळखला गेला २३ सप्टेंबर १८४६ला, बर्लिनमध्ये. तिथून त्याची पहिली फेरी पुरी झाली २०११मध्ये. जिने आरंभ पाहिला त्या पिढीतलं तेव्हा कुणीही उरलं नव्हतं. शेवट पाहिला तो त्यांनी टिपून ठेवलेल्या आकड्यांच्या भरवशावर. प्लूटो १९३०मध्ये सापडला, त्याची फेरी २४८ वर्षांची. ती २१७८मध्ये पुरी होईल, आणि आपण आज जे टिपून ठेवू ते तेव्हाच्या माणसांच्या हाती असेल.

पुढच्या पानापासून गणित सुरू होतं. गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ येत असेल तर पहिल्या चार प्रकरणांना काही कमी पडणार नाही, आणि जिथे जास्त लागेल तिथे मी हात धरून नेईन. त्याआधी दोन कामं करा. आपला अहर्गण काढा आणि पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पुढचे सगळे हिशेब त्यावरच करायचे आहेत. आणि घरात, गावात, शेजारी कुणी आपलं वय सिंहस्थावरून किंवा दुष्काळावरून सांगणारं असेल, तर त्यांच्याजवळ बसा. नाशिकचा २०१५नंतरचा सिंहस्थ २०२७मध्ये येतो आहे. त्याच्या आत त्यांचे शब्द जसेच्या तसे, आजची तारीख घालून, वहीत उतरवून घ्या.